बटवा वर आहे

फोनवर ताई म्हणाली, एकच रात्र रे,
सकाळी सातला वाशीत डॉक्टर, तिथूनच महाडची गाडी.
आणि थोडं थांबून:
तुझं ते मांजर...
मी म्हटलं, बघतो.

बघायला चार दिवस लागले.
पडदे उतरवले. सोफ्याच्या फटीतून निघालं
बाटलीचं झाकण, दोन रुपयांचं नाणं
आणि केसांचा एवढा मोठा गोळा
की त्याचं बारसं करता आलं असतं.
चिकटपट्टी उलटी हाताला गुंडाळून
गादी थोपटत बसलो, तान्ह्या पोराला थोपटावं तशी.
करडा केस काळ्यावर पांढरा दिसतो, पांढऱ्यावर काळा.
नेरुळच्या या साडेतीनशे फुटांत
भाडं माझं, वहिवाट त्याची.

बटवा म्हणतो त्याला. बसला की तसाच दिसतो,
नाडी ओढलेला,
आत काहीतरी जपून ठेवल्यासारखा.

शनिवारी त्याला भाजीच्या पिशवीत घातला, निळ्या, चेनच्या,
आणि वर चौथ्या मजल्यावर पणिकरबाईंकडे दिला.
सोबत उकडलेली मांदेली, वाळूचं घमेलं.
येताना रिकाम्या पिशवीची चेन लावली.
का लावली, माहीत नाही.

ताई आली. आधी नाक, मग ती.
उंबऱ्यात उभं राहून तिनं श्वास घेऊन पाहिला,
नदीत पाय घालून बघतात तसा.
पंप काढून टीव्हीशेजारी ठेवला.
आमटी दोनदा घेतली.
भाऊजींनी सोसायटीचा मेंटेनन्स विचारला
आणि महाडशी तुलना करून समाधानानं झोपले.

साडेअकराला वरून सुरू झालं.
स्लॅबमधून, पाइपातून, बटवा रडत होता.
मध्येच पणिकरबाईंची मल्याळममधली समजूत,
मग पुन्हा तो.
मी पंखा पाचावर केला.
अंधारात ताई म्हणाली, वर ठेवलायस होय.
हो, म्हटलं.
बराच वेळ नुसता पंखा.
मग ती म्हणाली,
माझी सोनकी पळून नव्हती ना गेली?

चव्वेचाळीस वर्षं झाली.
ताई आठवडाभर दवाखान्यात, छातीत शिट्टी.
अण्णा म्हणाले, पोतं धर.
मी धरलं. नऊ वर्षांचा होतो,
पोत्याचं तोंड कसं धरायचं ते मला येत होतं,
तांदूळ भरताना मीच धरायचो.
सावित्रीचा पूल ओलांडून पार पुढे,
कोळ्यांच्या घरांशी सोडलं.
मासे खाईल मजेत, अण्णा म्हणाले.
येताना मला लिमलेटच्या गोळ्या.
घरी सांगायचं ठरलं: पळाली.

नाही, मी म्हटलं.
पळाली नव्हती.

ताई बोलली नाही.
रडते आहे की दमा आहे
हे तिच्या बाबतीत ऐकून कधीच कळत नाही.
मग म्हणाली, फोटो दाखव त्याचा.

मोबाइलच्या उजेडात बटवा,
खिडकीत, पामबीचकडे पाठ करून.
ताईनं चष्मा शोधला,
दोन बोटांनी त्याला मोठा केला, अगदी मिशांपर्यंत,
आणि शिंकली.
एक. दोन. तीन.
फोटोला!
भाऊजी दचकून उठले, पंप देऊ का, पंप कुठाय,
आणि आम्ही दोघं उशीत तोंड घालून हसत होतो,
अण्णा पलीकडच्या खोलीत असल्यासारखे.

वरचा तेवढ्यात गप्प झाला.
ऐकत असावा.

सकाळी रिक्षात बसताना
तिनं पर्समधून शंभराची नोट काढली.
मांदेली आण त्याला, म्हणाली,
आणि रुमाल नाकाला लावला,
तो कशासाठी, मी विचारलं नाही.

मग वर गेलो. पिशवी न घेता.
पणिकरबाई म्हणाल्या, असा नेणार?
असाच आणला, कडेवर.
एकच जिना.
दोन ओरखडे.